नाडा बांधलेली पाच ताटं

भगवान वाव्हळेला फार काही नको होतं. ज्वारीची पाच ताटं, एक थर्मासभर बर्फ आणि मंगळवारची सकाळ, बस्स. देवाजवळ माणसानं याहून कमी काय मागावं? पण भगवान देव मानत नव्हता. त्यामुळे मागायचीही सोय नव्हती आणि पुढं जे झालं त्याचा दोष कुणाच्या माथी मारायचीही नव्हती.

परभणीकडच्या पालमपासून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर ज्वारीचं एक संशोधन उपकेंद्र होतं. दोन खोल्या, एक हातपंप, वीस एकर काळं रान आणि भिंतीवर एक पाटी: ‘विज्ञान हीच खरी दृष्टी’. ही पाटी केंद्राचे प्रमुख दिनकरराव यांनी हौसेनं रंगवून घेतली होती आणि दर दसऱ्याला ते न चुकता तिला झेंडूचा हार घालत. माणूस वाईट नव्हता. दर सहा डिसेंबरला परभणीला जाऊन समतेवर तासभर बोलायचा, आणि बोलताना गहिवरायचा सुद्धा. भगवान त्यांच्या हाताखाली संशोधन साहाय्यक होता. गेली नऊ वर्षं नोकरी सांभाळून तो औरंगाबादच्या विद्यापीठातून पीएचडी करत होता, आणि त्या नऊ वर्षांत दिनकररावांनी त्याला एकदाही ‘अरे’ म्हटलं नव्हतं. ‘भगवानराव’ म्हणत, पण चहाचा कप मात्र भगवानचा वेगळा, खिडकीत ठेवलेला, आणि तो त्यानंच उचलायचा.

भगवानचा विषय तसा इवलासा. ज्वारीच्या फुलात पराग धरणारी बारीक पिवळी कोठी असते, परागकोष. तिच्यात परागकण वाढतात आणि त्यांच्याभोवती पेशींचा एक थर असतो. त्या थराचं काम बाळंतिणीच्या घरात राबणाऱ्या म्हातारीचं: खाऊपिऊ घालायचं, अंगावर पांघरूण द्यायचं आणि काम संपलं की निमूट विरून जायचं. हा थर आपलं अन्न डोळ्यांना न दिसणाऱ्या पुड्यांत बांधतो. पुडी सरकत सरकत पेशीच्या कडेला जाते, पुडीचं कातडं आणि पेशीचं कातडं एकमेकांत मिसळून एक होतं, आणि पुडीतलं अन्न बाहेर परागाला मिळतं. ही दोन कातडी आपसूक मिसळत नाहीत. त्यासाठी पुडीवर एक आणि कडेवर एक अशी प्रथिनं लागतात. कडी आणि कोयंडा म्हणा. दोन्ही एकमेकांत बसले की दार उघडतं.

संकरित बियाणं करायला जी वांझ ज्वारी वापरतात, तिच्यात भगवानला एक गंमत आढळली होती. तिच्या पुड्या भरलेल्या होत्या. कडेपर्यंत जातही होत्या. पण तिथं जाऊन नुसत्या उभ्या राहत. आत अन्न सडायचं आणि बाहेर पराग उपाशी मरायचा. असं का, हे जगात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. पालमला तर नव्हतंच.

मागच्या हंगामात एका वांझ कणसावर त्यानं कागदी पिशवी चढवून ठेवली होती. बाहेरचा पराग आत जाऊ नये म्हणून. नियमानं त्या कणसात एकही दाणा धरायला नको. पिशवी काढली तर पाच दाणे! म्हणजे कुठंतरी, कसंतरी, दार उघडलं होतं. भगवाननं ते पाच दाणे शर्टाच्या खिशात घालून महिनाभर वागवले असतील. मग पेरले. पाचही उगवले.

केंद्रात तेव्हा खुणेच्या चिठ्ठ्या संपल्या होत्या आणि नव्यांची मागणी तीन महिने कुठल्याशा टेबलावर विश्रांती घेत होती. म्हणून भगवान पालमच्या बाजारात गेला आणि एका दुकानातून त्यानं लाल-पिवळ्या दोऱ्याची गुंडी आणली. दोरा लांबून दिसणारा, पावसात न सुटणारा. पाचही ताटांना त्यानं बुडाशी तो बांधला. तो पूजेचा नाडा होता, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हापासून त्याच्या घरात नाडा आला नव्हता.

सोमवारी ताटं पोटरीत आली, म्हणजे पानाच्या आवरणात कणीस फुगलं. पुड्या कडेला जातात ती वेळ नेमकी हीच, आणि ती दीड दिवसाची. परागकोष काढून थंड औषधात बुडवायचे. औषध पेशीला आहे त्या अवस्थेत गोठवतं. मग हैदराबादला एका ओळखीच्या माणसाकडं पाठवायचे, तो मोठ्या यंत्राखाली त्यांचे फोटो काढणार. औरंगाबादचे मार्गदर्शक मार्चअखेर निवृत्त होत होते आणि त्यांनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, शेवटचं प्रकरण तोवर आलं तर प्रबंध, नाहीतर रामराम. बर्फ पालमला मिळेना, म्हणून भगवान सोमवारी संध्याकाळीच परभणीला गेला, बर्फाच्या कारखान्यातून थर्मास भरून घेतला, त्यात औषधाची बाटली खोचली आणि मंगळवारी पहाटेच्या पहिल्या एसटीनं निघाला.

चौऱ्याण्णवचा जानेवारी होता तो. एसटीत लोक खालच्या आवाजात एकच बोलत होते, विद्यापीठाचं नामांतर या आठवड्यात होतं की काय. भगवान खिडकीपाशी थर्मास मांडीवर घेऊन बसला होता. अठ्ठ्याहत्तरला याच नामांतरापायी त्याच्या गावात त्याचं घर पेटवलं होतं. तेव्हा तो कॉलेजात होता. भांडीकुंडी गेली त्याचं त्याला वाईट वाटलं नाही, पण परागकणांच्या चित्रांची एक वही गेली आणि त्या वहीसाठी तो ढसाढसा रडला होता. आई, सरजाबाई, म्हणाली होती, “रड. पन पुन्हा काढ.” तेव्हापासून तो पुन्हा काढत होता.

साडेनऊला तो रानात पोचला. पाच ताटांच्या जागी पाच बुडखे होते. एका घावात, तिरपे, स्वच्छ कापलेले.

भगवान एकेका बुडख्याला हात लावत गेला. तो तिथंच ढेकळावर बसला. तेवढ्यात केंद्राचा राखणदार आश्रुबा हसतमुखानं आला. डोक्याला नवं कोरं मुंडासं.

“सायेब, आलाव का? चला की, येळवस हाय आज.”

मार्गशीर्षाची अमावास्या. पालमकडच्या मुलखात त्या दिवशी घरात कुणी थांबत नाही. सगळी रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे, आंबील, भज्जी आणि बाजरीच्या उंड्यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग जो भेटेल त्याला वाढायचं. केंद्राच्या रानातही दरवर्षी कोप व्हायची, कारण दिनकररावांची आई बायनाबाई म्हणायची, लेक ज्या रानाचं खातो त्या रानाची पूजा झाली पाहिजे. भगवानच्या घरी येळवस नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडरात होती, पण तो त्यात फक्त पोटरीचे दिवस मोजायचा.

“आश्रुबा, माझी ताटं?”

“तीच की! कोपीत पांडवामागं पाच हिरवी ताटं उभी करावी लागत्यात. मी हिंडलो रानभर. बघतो तर तुमी आधीच नाडा बांधून ठिवलेला. म्हनलं, सायबांनी नवसाची म्हनून राखल्यात. बाकी कशाला हात न्हाई लावला, आईची आण.”

भगवानला ओरडावंसं वाटलं. पण कुणावर? पाच पांडव, पाच ताटं, पाच नाडे. हिशेब इतका चोख होता की आश्रुबाच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

“पाण्यात हायत का ती?”

“मंग! बिंदग्यात उभी केल्यात. टवटवीत हायत. अन बुडखं हाईच की इथं, फुटंल पुन्हा.”

फुटलं असतं, पण चैत्रात. तोवर मार्गदर्शक घरी नातवंडं खेळवत बसले असते. भगवाननं घड्याळ पाहिलं. ताटं पाण्यात असतील तर अकरापर्यंत पेशी जिवंत. तो उठला आणि थर्मास अन कुप्या-चिमट्याची पिशवी घेऊन पळत सुटला.

बाभळीखाली सतरंज्या होत्या. दिनकररावांचे दहा-बारा पाहुणे बसले होते आणि तेही विद्यापीठाच्या नावाचंच बोलत होते. भगवान दिसताच विषय एकदम हरभऱ्यावरच्या घाटेअळीवर गेला.

“या भगवानराव!” दिनकरराव म्हणाले. “थर्मासमधी काय, चहा आणलाव का?”

“बर्फ हाय साहेब. कोपीतली ताटं माझी प्रयोगाची हायत. चुकून कापली. आत्ता लागतील.”

दिनकररावांचा चेहरा पडला, खोटं कशाला बोला. प्रयोग म्हणजे काय ते त्यांना कळत होतं. पण त्यांनी एकदा कोपीकडं पाहिलं, एकदा आईकडं, आणि एकदा पाहुण्यांकडं.

“अरारा. पण मांडलेलं हलवता येत न्हाई हो. परभणीचे मोठे साहेब यायलेत, ते आले की पूजा. दुपारी घ्या की निवांत. दोन तासानं काय बिघडतं?”

“दोन तासानं सगळंच बिघडतं, साहेब. हलवत न्हाई मी. आत जाऊन जागेवरच काढतो. पाव तास.”

बाभळीखालच्या सगळ्या माना इकडं वळल्या. घाटेअळीसुद्धा थांबली असेल.

दिनकरराव उठले, त्यांनी भगवानला बाजूला नेलं आणि आवाजात मध कालवून म्हणाले, “मला काही अडचण न्हाई, तुमाला ठाऊक हाय. पण तुमच्यात हे चालत न्हाई ना? मूर्ती, पूजा... बावीस प्रतिज्ञा. उगं तुमच्या भावना दुखावतील, म्हणून म्हणतो.”

इतक्या आदरानं दाराबाहेर उभं केलेलं भगवानला पहिल्यांदाच अनुभवायला मिळत होतं. याला उत्तर काय द्यायचं? माझ्या भावना दुखावत नाहीत म्हणावं, तर धम्म सोडल्यासारखं. दुखावतात म्हणावं, तर ताटं गेली. पाहता पाहता दहा वाजले. कोप वीस पावलांवर होती. आत पाच पोटऱ्या पुड्यांनी भरून उभ्या, आणि बाहेर तो.

कोपीजवळ बायनाबाई बसली होती. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान तिखट. तिनं आश्रुबाला हाक मारली.

“आश्रुबा, ताटाला नाडा कुनी बांधला होता रं?”

“ह्या सायबांनीच, आईसायेब.”

“कवा?”

“लय दिस झालं. रोपं बोटभर होती तवापासून. रोज सांच्याला येऊन बघायचे त्याहीला. हात लावून.”

म्हातारीनं कपाळावर हात मारला. “अन तुमी त्याला भायेर उभं केलंय? नवस ज्याचा त्यानंच पयली पूजा करावी. साहेब येऊ नाहीतर न येऊ. दिनकर! पांडवाचा कोप व्हायचा हाय का? घाल त्याला आत.”

दिनकरराव आईकडं दोन पावलं आले. आता काय सांगणार? आई, विज्ञान हीच खरी दृष्टी? ते तर सांगून झालं होतं, पाटीवर. की आई, हा त्यातला आहे? ते चारचौघांत, सहा डिसेंबरला गहिवरणाऱ्या माणसानं, कोणत्या तोंडानं सांगायचं? पाहुण्यांपैकी काहींना ठाऊक होतं, पण तेही प्रतिष्ठित लोक. जो तो दुसऱ्यानं बोलावं म्हणून थांबला आणि कुणीच बोललं नाही.

“जा,” दिनकरराव म्हणाले.

भगवाननं थर्मासमधली औषधाची थंडगार बाटली काढून खिशात घातली, थर्मास आश्रुबाच्या हातात दिला, दुसऱ्या खिशात पिशवीतल्या पाच काचेच्या कुप्या, चिमटा आणि ब्लेड घातलं, वाकला आणि कोपीत शिरला.

आत एका माणसापुरती जागा. पाच पांढरे दगड, समई, आंबिलीचं मडकं, आणि मागं बिंदग्यात त्याची पाच ताटं. टवटवीत. त्यानं पांडवांना ओलांडून हात घातला. क्षणभर आई आठवली. तिला कळलं असतं तर तिनं आधी एक थोबाडीत दिली असती आणि मग विचारलं असतं, काम झालं का?

तो पाठ दाराकडं करून मांडी घालून बसला. पहिली पोटरी ब्लेडनं उभी चिरली. आत कोवळं, ओलं, पोपटी कणीस. समईच्या उजेडात एकेक फूल सोलून चिमट्यानं परागकोष काढायचे आणि कुपीत सोडायचे. बाहेर बायाबापड्यांनी आंबील शिंपडत कोपीभोवती फेरे सुरू केले. “ओलगे ओलगे सालम पलगे!” आंबिलीचे शिंतोडे कडब्यातून त्याच्या मानेवर उडत होते आणि तो वाकून कुपीचं तोंड तळव्यानं झाकत होता. औषधाचा उग्र वास पसरला.

“औंदा आंबील लय आंबली वाटतं,” बाहेर कुणीतरी म्हणालं.

पाव तास झाला, वीस मिनिटं झाली. बाहेरच्यांना दिसत होती ती फक्त वाकलेली पाठ आणि दगडांपुढं खाली गेलेलं डोकं. परभणीचे मोठे साहेब आले, तेही चपला काढून थांबले. बायनाबाईला दिसत नव्हतं, तर ती दर मिनिटाला विचारायची, “काय करायलाय?” आणि आश्रुबा सांगायचा, “हाललं न्हाईत, आईसायेब.”

“असा भगत मी जन्मात पाह्यला न्हाई,” म्हातारी म्हणाली आणि तिनं पदरानं डोळे पुसले.

पाचवी कुपी बंद झाली तेव्हा अकराला दहा कमी होते. भगवान मागं सरकत बाहेर आला. कुप्या त्यानं खिशात घातल्या नाहीत, आडव्या पडल्या तर औषध गळलं असतं. डाव्या मुठीत तीन, उजवीत दोन. उन्हानं डोळे दिपले. त्याला हसू येत होतं आणि रडूही. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याचं काम सगळे हात जोडून पाहत होते.

बायनाबाईनं आंबिलीचा वाडगा भरून पुढं धरला. “घे लेकरा. पयला मान तुझा. कुनाचा रं तू? आडनाव काय?”

दिनकरराव घाईनं म्हणाले, “आई, ऊन लागायलंय, तू आत...”

“वाव्हळे,” भगवान म्हणाला. “सरजाबाईचा भगवान.”

वाडगा हवेत थांबला. म्हातारीनं ते आडनाव तिच्या गावात ऐंशी वर्षं ऐकलं होतं, आणि ती घरं गावाच्या कोणत्या अंगाला असतात हे तिला डोळ्यांशिवाय ठाऊक होतं. तिचा चेहरा रागावला नाही, विटला नाही. तो तसाच मायाळू राहिला. फक्त हात सावकाश खाली गेला, तिनं वाडगा त्याच्या पायांपाशी भुईवर ठेवला, आणि सांडू नये म्हणून नीट टेकवून बोटानं जरासा पुढं सरकवला.

“घे बाबा,” ती म्हणाली. “लय मन लावून केलीस पूजा. फळंल तुझा नवस.”

तिच्या बोटापासून त्याच्या पायापर्यंत वीतभर अंतर राहिलं होतं. पाहुणे आभाळाकडं बघायला लागले.

“हात भरलेत, आई,” भगवान म्हणाला.

ते खरंच होतं. त्यानं दोन्ही मुठी उचलून दाखवल्या, आश्रुबाकडून थर्मास उघडवून घेतला आणि पाचही कुप्या बर्फात खोचल्या. वाडगा तिथंच राहिला. मग त्यात एक माशी पडली.

तीन दिवसांनी, संक्रांतीला, विद्यापीठाचं नाव बदललं. भगवानच्या प्रबंधाचं मुखपृष्ठ जुन्या नावानं टाईप होऊन पडलं होतं, ते फाडून दुसरं करावं लागलं. आयुष्यात कुठला कागद त्यानं एवढ्या आनंदानं फाडला नव्हता. सरजाबाईनं ते तुकडे गोळा करून चुलीत घातले आणि त्यावर चहा केला.

शिमग्याच्या आधी हैदराबादहून फोटोंचं पाकीट आलं. भगवान केंद्राच्या टेबलावर फोटो मांडून भिंगातून बघत होता, तेव्हा दिनकरराव आत आले. येळवसीचा विषय दोघांनीही महिनाभर काढला नव्हता.

“आई रोज विचारायलीय,” ते म्हणाले. “नवस फळला का म्हणून.”

“पाचातल्या एका ताटात फळला.” भगवाननं एक फोटो दाखवला. पुडीचं कातडं आणि पेशीचं कातडं एक झालेलं, तोंड उघडलेलं, आणि पलीकडं गोल, भरलेला परागकण. “बाकी चारांत हे असं हाय.”

दिनकररावांनी दुसरा फोटो उचलून उजेडात धरला. पुड्यांची रांगच्या रांग कडेला जाऊन उभी होती. मधे केसाएवढी फट. दिनकरराव सगळं विसरून बघत राहिले. शेवटी तेही विज्ञानाचे मनुष्य होते, आणि त्यांनी अगदी मनापासून, निखळ कुतूहलानं विचारलं,

“इतक्या जवळ येऊन मिसळत कामून न्हाईत हो?”

“कडी असून भागत न्हाई, साहेब. कोयंडा पलीकडच्या बाजूला लागतो.”

“असं का,” दिनकरराव म्हणाले. फोटो परत घ्यायला भगवाननं हात पुढं केला होता. दिनकररावांनी फोटो टेबलावर ठेवला, बोटानं जरासा त्याच्याकडं सरकवला आणि ते आईला निरोप सांगायला निघून गेले.

भगवाननं फोटो उचलला, पाकिटात घातला आणि वही उघडून शेवटच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य लिहिलं: पुडी कडेपर्यंत पोचते, अडचण पोचण्यात नाही.